काळ्या रेघेचं घराणं

नव्वदच्या दशकातला राज कॉमिक्सचा एखादा अंक घरात असेल तर त्याचं पहिलं पान उघडून पाहा. नागराज किंवा सुपर कमांडो ध्रुव यांच्या कथेच्या सुरुवातीलाच बारीक अक्षरांत नावं छापलेली असतात. कथा आणि पेन्सिल अनुपम सिन्हा, इंकिंग विनोद कुमार, कधी विठ्ठल कांबळे, सुलेख आणि रंग सुनील पांडे. आता शेजारी सत्तरच्या दशकातलं अमर चित्र कथेचं पुस्तक ठेवा. तिथे कथा लिहिणाऱ्याचं नाव आहे, चित्रकाराचं आहे, संपादकाचं आहे. शाई कोणी केली, याचा उल्लेख नाही.

दोन्ही पुस्तकांत आपण पाहतो ती मात्र शाईचीच रेघ असते. पेन्सिलीचं चित्र छापायला जातच नाही. त्यावर शाई चढते, ती वाळते आणि खालची पेन्सिल खोडरबराने पुसली जाते. वाचकाच्या डोळ्यांपर्यंत पोचणारी रेघ म्हणजे शेवटचा हात, आणि नेमका तोच हात आपल्याकडे अनेक वर्षं बिननावाचा राहिला. हा हात कुठून आला, मुंबईत तो कसा घडला आणि त्याला नाव मिळायला एवढा उशीर का लागला, याचा हा मागोवा आहे.

आधी ते काम जवळून पाहू. जाड कागदावर पेन्सिलीने पान मांडलेलं असतं. सहा-सात चौकटी, त्यांत माणसं, घोडे, झाडं, संवादांच्या फुग्यांसाठी सोडलेली जागा. पेन्सिल ही चाचपडत चालते. एका खांद्यासाठी चार-पाच फिक्या रेघा असतात, त्यांतली खरी कोणती ते कागदावर ठरलेलं नसतं. शाई करणारा त्यांतली एक निवडतो, आणि त्याने निवडली की तीच खरी. तो कागद एका जागी ठेवत नाही. मनगटाला जे वळण सोपं जातं त्या बाजूने पान फिरवून घेतो, प्रसंगी उलटंही धरतो. लांब वक्ररेषा खांद्यातून ओढायची, पापणीची रेघ नुसत्या बोटांतून. उजेड डावीकडून येत असेल तर गालाची उजवी कड जाड, डावी बारीक. पुढच्या माणसाभोवती ठसठशीत रेघ, मागच्या डोंगराला केसासारखी. धोतराच्या चुण्यांसाठी ब्रश दाबून सुरू करायचा आणि उचलत उचलत टोकाशी नाहीसा करायचा, तलवारीच्या पात्याला मात्र टाकाची सरळ, थंड रेघ. कुठे काळं भरून टाकायचं आणि कुठे कागद कोरा सोडायचा, हाही निर्णय त्याचाच. हे सगळं करताना पेन्सिल करणाऱ्याचा हात हरवता कामा नये. चुकलं तर पांढरा पोस्टर कलर आहे, पण दर चुकीगणिक पान जड होत जातं, हे चांगल्या हाताला ठाऊक असतं.

म्हणून हे काम म्हणजे नुसतं गिरवणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकच पेन्सिलीचं पान दोन हातांना देऊन पाहावं. चेहरे बदलतात, वजन बदलतं, दिवसाची वेळसुद्धा बदलते.

दगडावरचा हात

रेघ एकाची आणि रंग दुसऱ्याचा, ही विभागणी आपल्याकडे जुनी आहे. अकबराच्या चित्रशाळेत महाभारताच्या फारसी भाषांतराची, म्हणजे रज्मनाम्याची चित्रं झाली. तेव्हा आखणी एका चित्रकाराकडे आणि रंगकाम दुसऱ्याकडे असे. कारकून पानाच्या कडेला दोघांचीही नावं टिपून ठेवत. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या टिपणांमुळेच कोणता हात कुणाचा, हे आज सांगता येतं. महाराष्ट्रात पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींच्या पोथ्यांमध्येही सुट्या पानांवर काढलेली चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगितल्या जात. जाड काळ्या कडेने बांधलेल्या त्या आकृती आणि पानामागून पान उलगडणारी कथा पाहिली की चित्रकथेचा सांगाडा आपल्याकडे आधीच उभा होता, हे पटतं. पण चित्रकथींच्या पोथ्यांवर काढणाऱ्याचं नाव सहसा नसतं.

छपाई आली आणि या हाताचं काम बदललं. १८९४ साली राजा रविवर्मा यांचा लिथोग्राफीचा छापखाना मुंबईत सुरू झाला. लोणावळ्याजवळच्या मळवलीला १८९९ मध्ये हलण्याआधी तो घाटकोपरला होता. आज मेट्रो आणि रेल्वे जिथे एकमेकींना भेटतात, त्या उपनगरातून देशभरच्या देवघरांत लक्ष्मी-सरस्वती पोचल्या. तैलचित्र थेट छापता येत नाही. त्यासाठी बव्हेरियातून आलेल्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने किंवा खडूने ते चित्र पुन्हा काढावं लागे, तेही आरशात दिसावं तसं उलटं. दर रंगाला वेगळा दगड लागे. चेहऱ्यावरची छटा हवी असेल तर कारागीर एकेक ठिपका हाताने ठेवत असे, कारण दगडाला ‘थोडंसं काळं’ समजत नाही. जिथे तेलकट आहे तिथे शाई धरते, जिथे पाणी आहे तिथे धरत नाही. चित्राखाली रविवर्म्यांचं नाव, पण दगडावरचा प्रत्येक ठिपका त्या कारागिराचा. फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाचं नाव इतिहासात राहिलं, कारण पुढे छापखाना त्याच्या मालकीचा झाला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम केलं. बाकीचे बहुतेक हात चित्रांत विरघळून गेले.

कॉमिक्सच्या शाईवाल्याचा मी हाच खरा पूर्वज मानतो. दुसऱ्याचं चित्र छापण्याजोगं करणं हे त्याचं काम, आणि ते करताना लाख बारीक निर्णय स्वतः घेणं ही त्याची कला.

जस्ताचा ठोकळा

दगडानंतर जस्त आलं. विसाव्या शतकात मराठी नियतकालिकं वाढली तसा ‘लाइन ब्लॉक’ हा शब्द संपादकांच्या रोजच्या बोलण्यात आला. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने चित्र काढायचं. ब्लॉक करणारा त्याचा कडक, करड्या छटा न घेणारा फोटो काढे आणि ती निगेटिव्ह जस्ताच्या पत्र्यावर उतरवी. मग पत्रा आम्लात जाई. रेघ झाकलेली राही, उरलेलं आम्ल खाऊन टाकी. उठून राहिलेल्या रेघेचा तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला, टाइपाच्या उंचीला आणला की मजकुराच्या खिळ्यांबरोबर यंत्रावर चढायला तयार.

या पद्धतीला करडा रंग माहीत नव्हता. पेन्सिलीची मऊ रेघ कॅमेऱ्यात तुटक येई. दौतीतली निळी-काळी शाई फिकी पडे. म्हणून दाट, काळीभोर, पाण्याने न विरघळणारी ड्रॉइंग इंक लागे. चित्र छापायच्या मापापेक्षा मोठं काढत, म्हणजे लहान करताना हाताचा थरथराट मिटून जाई. पण दोन रेघांमधलं अंतर बेताचं ठेवलं नाही तर लहान झाल्यावर त्या एकमेकींत मिसळत आणि छपाईची शाई तिथे तुंबे. छाया हवी असेल तर आडव्या-उभ्या रेघांची जाळी विणायची. शाईवाल्याची सगळी व्याकरणं, रेघेची जाडी, जाळी, भरीव काळं, कोरी जागा, या जस्ताच्या हट्टातून जन्माला आली. छटा छापण्यासाठी हाफटोन होता, पण त्याला गुळगुळीत आर्टपेपर लागे. खरखरीत स्वस्त कागदावर त्याचे ठिपके फुटत. म्हणून मुखपृष्ठ छटांचं आणि आतली पानं रेघेची, अशी वाटणी झाली.

ही वाटणी मराठी दिवाळी अंकांत लख्ख दिसते. रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांची स्प्रेने रंगवलेली मुखपृष्ठं छटांचा उत्सव आहेत. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. त्यांची मुखपृष्ठं तर गाजलीच, पण कथांबरोबरची त्यांची रेखाचित्रं पाहावीत. नऊवारीचा काठ दोन ओढींत, खांद्यावरून घसरणारा पदर एका ओढीत. दोघेही गोव्याचे, दोघांचीही कारकीर्द मुंबईतली. तिकडे फ्री प्रेस जर्नलमध्ये आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे हे दोन तरुण काही काळ एकाच वेळी होते. त्यांच्या कुंचल्याची जाड-बारीक होत जाणारी रेघ रोज सकाळी हजारो घरांत पोचू लागली. या सगळ्यांनी पेन्सिलही स्वतःच केली आणि शाईही. मराठी चित्रकाराला शाई ही वेगळी नोकरी वाटलीच नाही. ती चित्रकलेचाच शेवटचा टप्पा होती.

वेताळाची रेघ

वेगळी नोकरी झाली ती अमेरिकेत. १९३० च्या दशकात तिथे कॉमिक्सची पुस्तकं इतक्या झपाट्याने खपू लागली की एका माणसाने पान पुरं करणं परवडेना. मग पान टेबलावरून टेबलावर सरकू लागलं. एक पेन्सिल करी, दुसरा शाई, तिसरा अक्षरं. गरज वेगाची होती, पण त्यातून एक नवी कसबी जमात तयार झाली. १९६२ च्या अखेरीस मार्व्हलच्या ‘फँटास्टिक फोर’च्या नवव्या अंकात शाई करणारे डिक एअर्स यांचं नाव पेन्सिल करणारे जॅक किर्बी यांच्याबरोबर छापलं गेलं. पुढे किर्बींच्या पेन्सिलीवर जो सिनॉट यांनी केलेली शाई वाचक नावाने ओळखू लागले. उलटं उदाहरणही याच घरातलं. व्हिन्स कोलेटा यांनी ‘थॉर’वर शाई करताना मुदत गाठण्यासाठी किर्बींनी काढलेले तपशील, कधी मागची माणसंही, पुसून टाकली. शाईवाल्याच्या हातात किती सत्ता असते, हे त्यातून जगाला कळलं.

या अमेरिकन विभागणीचं फळ मराठी मुलांच्या हातात पडलं, पण ते कुणाला माहीत नव्हतं. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि ली फॉक यांचा फँटम मराठीत वेताळ झाला. पहिल्या अंकातली चित्रं विल्सन मकॉय यांची होती. सपाट, साधी, जरा ताठ रेघ. मकॉय १९६१ मध्ये वारले आणि वृत्तपत्रातली ती मालिका साय बॅरी यांच्याकडे आली. बॅरी मुळात शाईवाले. डीसीच्या कॉमिक्सवर इतरांच्या पेन्सिलीवर शाई करत त्यांचा हात घडला होता. त्यांच्या चित्रांचे अंक आपल्याकडे येऊ लागले तेव्हा कवटीच्या गुहेतला काळोख खरा वाटू लागला. जंगलात पानांचे काळे आकार, त्यांच्यामागे कोरा उजेड आणि मधोमध वेताळाच्या खांद्यावरून उतरणारी एकच जाड-बारीक रेघ.

उपनगरी स्टेशनांवरच्या व्हीलरच्या स्टॉलवर आणि गल्लीबोळांतल्या भाड्याच्या वाचनालयांत ही रेघ मुलांनी डोळ्यांत साठवली. वहीच्या शेवटच्या पानावर वेताळ काढून पाहणाऱ्या मुलाला आपण एका शाईवाल्याचा हात गिरवतोय याची कल्पना नव्हती, पण शिकवणी चालू होती. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा ‘बहादूर’ याच इंद्रजालमध्ये अवतरला आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया यांनी चंबळच्या दऱ्याखोऱ्यांना भारतीय रेघ दिली. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं तेव्हा एक अख्खी पिढी या रेघेवर वाढली होती.

वाईरकर आणि हळबे

इंद्रजाल सुरू झालं तेव्हा अनंत पै टाइम्समध्येच होते. १९६७ मध्ये त्यांनी इंडिया बुक हाउससाठी अमर चित्र कथा हाती घेतली. मालिकेचे पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे. अकरावा ‘कृष्ण’, आणि त्याचे चित्रकार राम वाईरकर. खर्चाच्या ओढाताणीमुळे सुरुवातीच्या पुस्तकांत पूर्ण रंग नव्हते, पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्यावर भागवलेलं होतं. अशा वेळी चित्राचा सगळा भार काळ्या रेघेवर येतो. मांसलपणा, कापडाचा पोत, यमुनेचं पाणी, हे रंगाने सांगायची सोय नसेल तर ते शाईने सांगावं लागतं. वाईरकरांच्या कृष्णाने ते पेललं. या पुस्तकाच्या यशावर पुढचा सगळा डोलारा उभा राहिला.

वाईरकरांचा हात किती फिरता होता, ते ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकाने दाखवलं. नोव्हेंबर १९८० मध्ये टिंकल सुरू झालं आणि १९८३ मध्ये सुप्पंदी आला. तमिळनाडूतल्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींतून आलेल्या या भोळ्या नोकराला वाईरकरांनी लांबट चौकोनी डोकं आणि काटकुळं अंग दिलं. पौराणिक पुस्तकांत जाळी विणणारा, स्नायू उठवणारा हात इथे जवळजवळ सगळं वगळतो. एक बाह्यरेघ, दोन ठिपके, एक हसू. कमी रेघांचं काम सोपं वाटतं, पण दहा रेघांत एक चुकली तर लपते. तीन रेघांत एक चुकली तर पात्रच बदलतं. त्यांच्या पश्चात सुप्पंदीची चित्रं त्यांची कन्या अर्चना आंबेरकर यांनी सांभाळली. रेघ घराण्यासारखी पुढे जाते, तालमीने आणि सहवासाने, याचं हे उघड उदाहरण.

त्याच १९८३ साली मराठी व्यंगचित्रकार वसंत हळबे यांनी शिकारी शंभू काढला. शंभूचं एक चित्र बारकाईने पाहा. शिकाऱ्याची टोपी नाकापर्यंत उतरलेली, तिच्याखाली झुबकेदार मिशी. डोळे नाहीत. चेहऱ्यावरचे भाव दाखवायला चित्रकाराकडे सगळ्यांत मोठं साधन डोळे असतात आणि हळब्यांनी ते पहिल्याच दिवशी टाकून दिलं. मग भीती दाखवायची ती मिशीच्या टोकांनी, आकसलेल्या खांद्यांनी, एकमेकांना भिडलेल्या गुडघ्यांनी, टोपीच्या कडेशी उडणाऱ्या घामाच्या दोन थेंबांनी. ही कल्पनेइतकीच रेघेची करामत आहे. मिशीच्या टोकाशी ब्रश किती दाबला यावर शंभू घाबरलाय की खूश झालाय हे ठरतं. हळब्यांनंतर शंभू साव्हिओ मस्करेन्हस यांच्याकडे आला. दुसऱ्याने निर्माण केलेल्या पात्राची रेघ आपल्या हातात वळवणं, वाचकाला खटका न बसू देता ती पुढे नेणं आणि हळूहळू तिच्यात आपला श्वास मिसळणं, हे शाईवाल्याचंच शिक्षण. तिथे पेन्सिल आणि शाई वेगळ्या माणसांत वाटलेली नसली तरी ते शिक्षण चुकत नाही.

अमर चित्र कथेचे बहुतेक चित्रकार स्वतंत्रपणे काम करणारे होते. संहिता घरी न्यायची, पानं करून आणायची, पानाच्या हिशेबाने मोबदला घ्यायचा. अशा व्यवस्थेत चित्रकार पेन्सिल कुठे संपवतो आणि शाई कुठे सुरू करतो, घरात कुणी काळं भरलं, कुणी चौकटी आखल्या, हे प्रकाशकाने विचारायचं कारणच नव्हतं. एका नावावर पान येई, एका नावावर छापलं जाई. त्यामागे कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण छपाईत जे नाव येत नाही ते इतिहासातूनही जातं, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

पुण्याहून दिल्लीला

हाताला वेगळं नाव मिळालं ते पुणे-दिल्ली या वाटेवर. पुण्याचे प्रताप मुळीक हे अमर चित्र कथेचे भक्कम चित्रकार. त्यांच्यासारख्यांच्या स्टुडिओत जे घडतं ते कुठल्याही कारखान्यात घडतं तसंच. नवा मुलगा आधी चौकटी आखतो आणि काळं भरतो. मग झाडं, खडक, इमारती. मग कपडे आणि शस्त्रं. चेहरा आणि हात सगळ्यांत शेवटी मिळतात, काहींना कधीच मिळत नाहीत. या शिडीवर चढता चढता शाई करणारा तयार होतो. दिलीप कदमही याच पुण्याच्या मातीतले. अमर चित्र कथेच्या ४२ भागांच्या महाभारतात रथ, ध्वज, हत्ती आणि सैन्यं यांची जी रेलचेल त्यांनी उभी केली, ती पाहताना हाताच्या चिकाटीला नमस्कार करावासा वाटतो.

१९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने नागराज आणला, तेव्हा त्याला पहिलं रूप मुळीकांनी दिलं. पुढे राज कॉमिक्सला महिन्याला अनेक अंक काढायचे होते आणि अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी जे झालं तेच इथे झालं. पान टेबलावरून टेबलावर सरकू लागलं. अनुपम सिन्हा पेन्सिलीत गर्दीची, धावती पानं रचत आणि विनोद कुमार त्यांना शाईत आवरत. नागराजच्या अंगावरचे सापासारखे खवले डोळ्यांसमोर आणा. एकेक खवला सारख्या रेघेने काढला तर अंग सपाट होतं. स्नायूच्या फुगीर भागावर खवल्याची रेघ बारीक, वळणाशी जाड, सावलीत दोन खवल्यांमधली जागा भरलेली, असं केलं की छाती गोल होते. हे शेकडो पानांवर, अंकामागून अंक. राज कॉमिक्सने पहिल्या पानावर ‘इंकिंग’ हा वेगळा रकाना छापला आणि हिंदी वाचणाऱ्या मुलांनी विनोद कुमार, विठ्ठल कांबळे ही नावं पाठ केली. उत्तर भारतातल्या त्या स्वस्त, पिवळ्या पडणाऱ्या पुस्तकांनी हे काम मुंबईच्या नामांकित प्रकाशनांच्या आधी केलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

शाई अंधेरीची

हात झाला, आता दौतीकडे वळू. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. स्वदेशीचे दिवस होते, परदेशी शाईशी सामना होता. पुढे उंटाचं चित्र आलं, ‘कॅमल’ आलं, ‘कॅमलिन’ आलं. साठच्या दशकापासून सुभाष दांडेकर यांनी शाईच्या या धंद्याला चित्रकलेच्या साहित्याकडे वळवलं. जलरंग, पोस्टर कलर, ब्रश, ड्रॉइंग इंक. महाराष्ट्रातल्या शाळेत चित्रकलेची परीक्षा देणाऱ्या मुलाच्या दप्तरात आणि व्यावसायिक चित्रकाराच्या टेबलावर एकाच कंपनीच्या बाटल्या असत. कंपनीचं कार्यालय अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या सेंट्रल रोडवर होतं. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने मोठा हिस्सा घेतला आणि जुलै २०२४ मध्ये सुभाष दांडेकर गेले.

चांगली ड्रॉइंग इंक परदेशी असली की महाग पडे आणि पानामागे ठरलेल्या मोबदल्यात बसत नसे. देशी बाटली स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी. एका शहरात कला शिकवणारी जे.जे.सारखी संस्था, ब्लॉक करणारे, छापखाने, नियतकालिकं आणि शाई करणारा कारखाना हे सगळं एकत्र नांदत असेल, तरच अशी रेघ जन्माला येते आणि टिकते. मुंबईत ते सगळं होतं. याच शतकात अमर चित्र कथा आणि टिंकल चालवणाऱ्या कंपनीचं कार्यालयही अंधेरी पूर्वेला मरोळ-मरोशी रोडवर आलं. शाईची बाटली आणि शाईचं पान, दोघांचा पत्ता काही किलोमीटरांच्या अंतरात आला.

काच आणि पेन

तोवर शाईच लागेनाशी झाली होती. शेजारच्या ॲनिमेशनच्या धंद्याने हा दिवस आधी पाहिला होता. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला तेव्हा डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले होते. त्या काळी पारदर्शक सेलवर प्रत्येक चित्राची रेघ हाताने उतरवावी लागे. डिस्नेने १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये पेन्सिलीची रेघ झेरॉक्सने थेट सेलवर उतरवली आणि शाई करणाऱ्या विभागाची गरज बरीचशी सरली. कॉमिक्समध्ये तोच बदल संगणकाने केला. पेन्सिलीचं पान स्कॅन करून रेघ गडद करता येते. काचेवर चालणाऱ्या पेनाला हाताचा दाब कळतो, त्यामुळे जाड-बारीक रेघ तिथेही निघते. चुकलं तर पांढरा रंग लागत नाही. आज उपनगरांतले तरुण चित्रकार आराखड्यापासून रंगापर्यंत सगळं एकाच पडद्यावर करतात.

ज्या कारणासाठी शाईवाला जन्मला ते कारण आता उरलेलं नाही. छपाईला करडा रंग कळतो, पेन्सिलीची धूसर रेघही जशीच्या तशी छापता येते. तरीही कॉमिक्सची पानं काळ्या रेघेनेच बांधलेली दिसतात. यंत्राने घातलेली अट म्हणून सुरू झालेली रेघ वाचकाच्या डोळ्याला लागलेली सवय झाली, आणि सवयीतून तिची भाषा झाली. जाड रेघ म्हणजे जवळ, बारीक म्हणजे लांब, तुटक म्हणजे उजेड, भरीव काळं म्हणजे धोका. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, तरी येतं. पडद्यावर काम करणारा आजचा चित्रकार या भाषेत बोलतो तेव्हा जस्ताच्या ठोकळ्याने आणि घाटकोपरच्या दगडाने घालून दिलेले नियम पाळत असतो.

बदलाची खंत मी करत बसणार नाही. हात टिकतो, साधन बदलतं. काळजी वाटते ती नोंदींची. जुनी पुस्तकं आज नव्या रंगांत, नव्या बांधणीत पुन्हा निघतात. मूळ पानं कुठे प्रकाशकाकडे, कुठे चित्रकारांच्या घरी, कुठे रद्दीत गेलेली. पुनर्मुद्रण करणाऱ्या प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकासाठी एवढा एक प्रश्न विचारावा की पेन्सिल कुणाची आणि शाई कुणाची, आणि उत्तर मिळालं की ते छापावं. ज्या घरांत एखाद्या चित्रकाराची पानं जपून ठेवली आहेत, तिथे कुटुंबीयांनी प्रत्येक पानाच्या मागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात. पुस्तकाचं नाव, साल आणि त्या पानावर हात फिरवणाऱ्या प्रत्येकाचं नाव, मग तो काळं भरणारा मुलगा का असेना. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टेबलाशी बसलेली माणसं आज म्हातारी झाली आहेत. कोणती रेघ कुणाची, हे त्यांना अजून आठवतं. ते विचारून घ्यायला हीच वेळ आहे.